आरोग्य-हितगुज : पुन्हां शस्त्रक्रिया करावी काय?

कांहीं महिन्यांपूर्वीं या सदरांत चातुर्मासांतील उपवास आणि पोटाचें आरोग्य यांविषयीं आम्हीं चार शब्द लिहिले होते. त्यावर बरींच पत्रें आलीं. बहुतेकांस खासगी उत्तरें पाठविलीं. परंतु एका पत्राचा विषय असा आहे कीं, त्याचें उत्तर एका घरापुरतें ठेवणें योग्य होणार नाहीं. पत्र पुण्यांतील एका नऊ माणसांच्या एकत्र कुटुंबांतून आलेलें असून तें त्या घरच्या थोरल्या जाऊबाईंनीं लिहिलें आहे. घरांतील संबंधितांच्या अनुमतीनें, नांवगांव गाळून, त्यांतील महत्त्वाचा भाग येथें देतों.

"आमच्या धाकट्या जाऊची २०१७ सालीं वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हां तिचें वजन ११२ किलो होतें, उंची १५८ सेंटिमीटर. शिवाय मधुमेह जडलेला होता. दीड वर्षांत वजन ७४ किलोवर आलें, मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, आम्हां सर्वांना धन्यता वाटली. पण पुढें वजन चढत गेलें आणि आज तें ९७ आहे. मधुमेहाची एक गोळीही पुन्हां सुरू झाली. आतां शल्यचिकित्सक म्हणतात, दुसरी शस्त्रक्रिया करावी. तिला बायपास म्हणतात. सासूबाई म्हणतात, देवानें दिलेलें पोट एकदां कापलें तेवढें पुरे. भाऊजींना खर्चाची नाहीं, पण जिवाची धास्ती वाटते. माझें मत स्पष्ट लिहितें, राग नसावा. एकदां पोट कापूनही जिला जिभेवर ताबा ठेवतां आला नाहीं, तिचें पुन्हां पोट कापून काय साधणार? आपण सांगाल तें आम्ही सारे मान्य करूं."

पत्र दोनदां वाचलें. सासूबाईंचें मत आलें, पतीचें आलें, थोरल्या जाऊबाईंचें आलें, डॉक्टरांचें आलें; जिचें पोट, तिचें मात्र एक अक्षर त्यांत नव्हतें. म्हणून उलट टपालीं आम्हीं पांच प्रश्न पाठविले आणि त्यांचीं उत्तरें धाकट्या जाऊबाईंनीं स्वतःच्या हातानें, कोणास न दाखवितां, लिहून पाठवावीं अशी विनंति केली. सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाण्यांत येतें. उलटी किंवा आंबट पाणी किती वेळां येतें. झोंप कशी लागते. औषधें व जीवनसत्त्वांच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत. आणि पांचवा प्रश्न, तुमची स्वतःची इच्छा काय?

त्यांचें उत्तर सांगण्यापूर्वीं थोरल्या जाऊबाईंच्या प्रश्नाला उत्तर देणें भाग आहे. कारण हा प्रश्न त्यांनीं एकट्यांनींच विचारलेला नाहीं. ज्या ज्या घरांत असें वजन परत आलें, त्या त्या घरांत तो मनांतल्या मनांत विचारला जातो, आणि पुष्कळदां मोठ्यानेंही.

वजन वाढणें हा केवळ जिभेचा अपराध, असें आपल्या पूर्वजांनींही मानलें नव्हतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत अतिस्थूलतेचीं कारणें दिलीं आहेत. अति आहार, दिवसाची झोंप, व्यायामाचा अभाव हीं तर तेथें आहेतच; पण त्यांच्याच पंक्तीस बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला देहधर्म, हेंही कारण सांगितलें आहे. अतिस्थूल व अतिकृश या दोहोंपैकीं स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण, असाही अभिप्राय त्याच अध्यायांत आहे. आधुनिक शास्त्रानें या म्हणण्याला पुरावा जोडला. वजन उतरूं लागलें म्हणजे शरीर त्याला दुष्काळ समजतें. भूक वाढवितें, आणि निजलेल्या माणसाच्या देहांतही जी शक्ति खर्च होते ती काटकसरीनें वापरूं लागतें. ही काटकसर माणसाच्या इच्छेनें चालत नाहीं आणि इच्छेनें थांबतही नाहीं.

स्वीडनमध्यें १९८७ सालीं सुरू झालेल्या एका अभ्यासांत चार हजारांवर स्थूल माणसांचा वर्षानुवर्षें मागोवा घेण्यांत आला. त्यांपैकीं ज्यांची बायपास झाली होती त्यांचें वजन पहिल्या एकदोन वर्षांत सरासरी शेंकडा ३२ नें उतरलें. दहा वर्षांनंतर पाहतां ही घट शेंकडा २५ वर आली होती. ज्यांच्या जठराला नुसता पट्टा बांधला होता, त्यांची दहा वर्षांनंतरची घट शेंकडा १४ होती. तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचें प्रमाण न झालेल्यांपेक्षां कमी राहिलें, असा निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाला. यावरून दोन गोष्टी घ्यावयाच्या. थोडें वजन परत येणें हें बहुतेकांच्या वांट्याला येतें. आणि तें परत आलें म्हणून पहिली शस्त्रक्रिया वायां गेली असें होत नाहीं. आमच्या या भगिनींचे ३८ किलो गेले, त्यांतील २३ परत आले. हें सरासरीहून अधिक खरें. पण आजही त्या २०१७ सालापेक्षां १५ किलोंनीं हलक्या आहेत, आणि पूर्वीं जितक्या गोळ्या लागत तितक्या आज लागत नाहींत.

आतां त्यांचें उत्तर. तें चार पानांचें होतें. त्यांतील थोडेंच येथें देतों.

"सकाळीं सहाला चहा व दोन बिस्किटें. मग मुलांचे डबे. सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर दीड-दोनला मी बसतें. पोळी आणि उसळ छातीशीं अडतात, कळ येते. वरणभात, शिरा, चहांत बुडविलेलें बिस्किट मात्र सरळ उतरतें. म्हणून तेंच खातें. उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि केळें. रात्रीं दहाला दूधभात. गोळ्या दोन वर्षें घेतल्या, मग सोडल्या. चार वर्षें झालीं, रात्रीं तीन उशा घेऊन बसल्यासारखी निजतें. दोनच्या सुमारास आंबट पाणी नाकातोंडाशीं येतें, ठसका लागतो. मग स्वयंपाकघरांत जाऊन थोडें दूध आणि बिस्किटें घेतें, त्यानें आग शमते. डब्याचा आवाज झाला कीं सकाळीं त्यावर बोलणें होतें. म्हणून आतां डबा उशाशींच ठेवतें. हें कोणाला सांगितलें नाहीं, कारण कमी खा म्हणजे होणार नाहीं, हेंच उत्तर मिळेल हें ठाऊक आहे. वजनाची आतां संवय झाली आहे. मला रात्रभर सपाट निजतां आलें तरी पुरे."

वाचकहो, नऊ माणसांच्या घरांत एक बाई चार वर्षें बसून रात्र काढते आणि कोणास पत्ता नाहीं! वजनाच्या कांट्याकडे सर्वांचें लक्ष होतें. उशांकडे कोणाचेंच नव्हतें. यांत दुष्टपणा कोणाचाच नाहीं. स्थूल माणसाच्या प्रत्येक तक्रारीचें मूळ त्याच्या स्थूलपणांतच शोधावयाचें, ही आपली संवय. ती आम्हां डॉक्टरांनाही जडलेली असते.

त्यांच्या पत्रांतील प्रत्येक वाक्याला वैद्यकीय अर्थ आहे. त्यांच्यावर झालेली शस्त्रक्रिया स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी या नांवाची. तींत जठराचा शेंकडा ७५ ते ८० भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. आंतड्यांना हात लावीत नाहींत. काढलेल्या भागांत भूक चाळविणारा घ्रेलिन नांवाचा स्राव मोठ्या प्रमाणावर तयार होत असतो. या स्रावाचा शोध जपानी शास्त्रज्ञांनीं १९९९ सालीं लाविला. त्यामुळें आरंभीं भूक फार कमी होते. पण अरुंद नळींतून घट्ट पदार्थ सावकाश जातात आणि मऊ, गोड, पातळ पदार्थ झटकन् खालीं उतरतात. पोळीनें चार घांसांत पोट भरतें. शिऱ्यानें भरत नाहीं. जें दुखत नाहीं तें माणूस खातो, हा जिभेचा दोष नव्हे. त्यांतून आमच्या शाकाहारी स्वयंपाकांत भात, साबुदाणा, बटाटा, साखर यांचीच सत्ता; आणि सर्वांच्या मागून बसणाऱ्या बाईच्या वांट्याला वरणाचें पाणी येतें, डाळ तोंपर्यंत संपलेली असते.

दुसरी गोष्ट आम्लाची. नळी अरुंद झाल्यानें तींतील दाब वाढतो आणि आम्ल वर अन्ननलिकेंत शिरूं लागतें. फिनलंडमधील २४० रुग्णांवर केलेल्या एका चिकित्सा-प्रयोगाचा दहा वर्षांनंतरचा अहवाल २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. स्लीव्ह झालेल्यांपैकीं शेंकडा ३१ जणांच्या अन्ननलिकेला दाह झालेला त्यांत आढळला. बायपास झालेल्यांत हेंच प्रमाण शेंकडा ७ होतें. रात्रीं आग होते, दुधाबिस्किटानें ती क्षणभर शमते, त्यानें वजन वाढतें, वाढलेल्या वजनानें पोटांतील दाब वाढतो आणि आग आणखी वर चढते. हें चक्र उपदेशानें तुटणारें नव्हे.

म्हणून आम्हीं कळविलें कीं, शस्त्रक्रिया करावी कीं करूं नये हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवा. आधीं वजन कां परत आलें याचा तपास करा. दुर्बीण घालून अन्ननलिका व जठर पाहावें. औषध पाजून क्ष-किरणांनीं त्या नळीचा आकार पाहावा. रक्तांतील साखर, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व व कंठग्रंथीचा स्राव तपासावा. वजन वाढविणारें एखादें औषध चालू नाहीं ना, याची खात्री करावी. मनाला खिन्नता ग्रासून आहे काय, हेंही जाणत्याकडून पाहून घ्यावें. त्याप्रमाणें तपास झाला. नळी फारशी रुंदावलेली नव्हती. परंतु अन्ननलिकेच्या खालच्या भागांत व्रण होते, आणि छाती व पोट यांमधील पडद्याच्या भोकांतून जठराचा वरचा भाग छातींत सरकलेला होता. बी-१२ व लोह दोन्ही फारच कमी निघालीं.

एवढें कळल्यावर मग मार्ग कोणते, हें पाहतां येतें. ते मुख्यतः तीन आहेत.

पहिला मार्ग स्वयंपाकघरांतून जातो. त्याची गरज पुढील दोन्ही मार्गांवरही संपत नाहीं, म्हणून तो प्रथम सांगतों. अशा रुग्णाला दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनें पोटांत जावयास हवींत. शंभर ग्रॅम कच्च्या मुगाच्या डाळींत तीं सुमारें २४ ग्रॅम असतात. पनीर, घट्ट दही, सोयाबीन, मऊ शिजविलेलीं कडधान्यें यांनीं उरलेली भर होते. प्रथम प्रथिनें, मग भाजी, शेवटीं भात, जेवतांना पाणी नाहीं, घांस लहान, रात्रीचें जेवण निजण्यापूर्वीं तीन तास. आणि ती बाई सर्वांच्या पंक्तीला, वेळेवर बसली पाहिजे. एवढ्यानें पुष्कळांचें वाढतें वजन थांबतें व कांहींचें उतरतें. पण छातींत सरकलेलें जठर मुगाच्या डाळीनें खालीं येत नाहीं.

दुसरा मार्ग औषधांचा. भूक कमी करणारीं जीं नवीं टोंचण्याचीं औषधें निघालीं आहेत, त्यांतील सेमाग्लुटाइड व टिर्झेपटाइड हीं वजनासाठीं म्हणून भारतांत २०२५ सालीं उपलब्ध झालीं. शस्त्रक्रियेनंतर परत आलेल्या वजनावरही अशा औषधांचा उपयोग होतो. नुसतें वजन परत आलें असेल आणि दुसरा कांहीं बिघाड नसेल, तर पुन्हां पोट उघडण्याआधीं हा मार्ग अवश्य विचारांत घ्यावा. मात्र औषध थांबविलें कीं गेलेलें वजन बहुतांशीं परतूं लागतें. सेमाग्लुटाइडच्या एका अभ्यासांत तें थांबवून एक वर्ष झालें तों उतरलेल्या वजनाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग परत आला होता. त्यामुळें खर्च वर्षांचा धरावयाचा, महिन्यांचा नव्हे. शिवाय या औषधांनीं जठर सावकाश रिकामें होतें. ज्यांना आधींच आम्लाचा त्रास आहे, त्यांतील कांहींचा तो वाढतो.

तिसरा मार्ग दुसऱ्या शस्त्रक्रियेचा. बायपासची मूळ कल्पना अमेरिकेंतील आयोवा येथील शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं पुढें आणली. यांत नळीचा वरचा भाग तोडून सुमारें ३० मिलिलिटरची एक लहान पिशवी करतात आणि लहान आंतड्याचा एक भाग वर आणून तिला जोडतात. जठराचा उरलेला भाग जागच्या जागींच राहतो, पण अन्न त्यांतून जात नाहीं. त्या लहान पिशवींत आम्ल अत्यल्प तयार होतें व दाबही राहात नाहीं, म्हणून छातींतील आग बहुधा शमते. पडद्याचें भोंक त्याच वेळीं शिवून घेतां येतें. असलेली नळीच पुन्हां कापून अधिक अरुंद करण्याचाही एक प्रकार आहे. पण ज्याला आम्लाचा त्रास आहे त्याला तो सुचवूं नये, दाब त्यानें वाढेलच.

पण या मार्गावरील खांचखळगे झांकून ठेवूं नयेत. पहिल्या शस्त्रक्रियेच्या जागीं ऊति एकमेकींना चिकटलेल्या असतात. म्हणून दुसऱ्या वेळीं जोड गळणें, रक्तस्राव होणें, जंतुसंसर्ग होणें यांचा धोका पहिल्यापेक्षां अधिक असतो. जोडाजवळ व्रण होऊं शकतो. म्हणून तंबाखू कायमची वर्ज्य, आणि अंगदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही वर्ज्य. पुढें वर्षांनीं आंतडें पोटांतल्या पोटांत अडकण्याचा प्रसंग येऊं शकतो. लोह, कॅल्शियम, बी-१२ व ड जीवनसत्त्व आजन्म घ्यावयाचें; शाकाहारी स्त्रीनें तर त्यांत एक दिवसाचीही हयगय करूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, दुसऱ्या शस्त्रक्रियेनें उतरणारें वजन पहिल्या वेळेपेक्षां साधारणतः कमीच असतें. जो केवळ ७४ चा आंकडा पुन्हां पाहावयाचा म्हणून टेबलावर जाईल, त्याची निराशा होण्याचा संभव मोठा.

आतां मूळ प्रश्न. केवळ वजन परत आलें, एवढ्याच कारणासाठीं या भगिनींस आम्हीं बायपास करा असें सांगितलें नसतें. आधीं पहिले दोन मार्ग वर्षभर चालून पाहण्यास सांगितलें असतें. परंतु तपासानें प्रश्नच बदलला. अन्ननलिकेंत व्रण आहेत, जठर जागचें हललें आहे, आम्लावरील गोळ्यांचा पूर्ण क्रम घेऊनही रात्र बसून जाते. येथें शस्त्रक्रियेला वजनाहून निराळें आणि अधिक बळकट कारण आहे. हें सर्व आम्हीं त्यांस कळविलें व शेवटीं लिहिलें कीं, निर्णय तुमचा. आम्ही, सासूबाई, यजमान, कोणीही तो तुमच्याकरितां घेऊं नये. शल्यचिकित्सकांना चार गोष्टी विचाराव्या. अशा दुरुस्तीच्या शस्त्रक्रिया आपण स्वतः किती केल्या आहेत? माझ्या बाबतींत वजन किती उतरेल अशी आपली प्रामाणिक अपेक्षा आहे? गळती झालीच तर त्याच रुग्णालयांत रात्रींबेरात्रीं सोय आहे काय? आणि पुढें पांच वर्षें मला कोण पाहणार? या प्रश्नांनीं जे डॉक्टर चिडतील, त्यांच्या हातीं पोट देऊं नये.

गेल्या पंधरवड्यांत थोरल्या जाऊबाईंचें दुसरें पत्र आलें. तें लहान आहे. "तिनें ठरविलें आहे. बी-१२ चीं इंजेक्शनें आणि लोह सुरू झालें. रक्त सुधारल्यावर तीन महिन्यांनीं शस्त्रक्रिया होईल. डॉक्टरांनीं वजन फार उतरण्याची आशा धरूं नका असें सांगितलें, तरी तिचा निश्चय कायम आहे. सासूबाईंनीं आपला लोड तिच्या खोलींत पाठविला. दुपारीं ती आतां पहिल्या पंक्तीला बसते. मी मागून बसतें. माझ्या पहिल्या पत्रांतील एक वाक्य मला परत घ्यावयाचें आहे. कोणतें तें आपल्याला ठाऊक आहे."

शस्त्रक्रिया कशी होईल, हें आज कोणी सांगूं शकत नाहीं. धोका आहे, तो पतकरणाऱ्या बाईनें जाणून पतकरला आहे. ज्या घरांत असाच प्रश्न उभा असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींना आमची एवढीच विनंति कीं, वजन किती झालें हें विचारण्यापूर्वीं रात्रीं झोंप लागते काय, घांस अडकतो काय, जेवण वेळेवर होतें काय, हें विचारावें. आणि विचारल्यावर जें उत्तर येईल तें, आपला उपदेश मध्यें न आणतां, शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.

पुढील अंकीं बी-१२ व शाकाहारी कुटुंब या विषयावर लिहूं.